दोनदा माघारी फिरलेल्या विमानाविषयी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे रागाने भरलेले पत्र पोहोचले. वादळात तुमचे विमान दोनदा धावपट्टीच्या तोंडाशी येऊन पुन्हा वर उचलले गेले, शेवटी भलत्याच विमानतळावर जाऊन उतरले आणि उतरल्यावरही पाऊण तास कोणी दार उघडले नाही, हे सारे तू तपशीलवार लिहिले आहेस. तुमच्या दहा मिनिटे आधी आलेले विमान मात्र त्याच धावपट्टीवर सुखरूप उतरल्याचे तुला नंतर कळले, आणि तेव्हापासून ‘आमच्याच वैमानिकाला धीर कमी होता की काय?’ हा प्रश्न तुझ्या मनातून जात नाही. माझी नोकरीची बहुतेक वर्षे विमानतळाच्या हवामान कार्यालयात वाऱ्याचे आकडे नोंदण्यात गेली, हे ठाऊक असल्यामुळेच तू मला विचारलेस. तेव्हा उत्तर जरा लांबले तर सोसून घे.

प्रथम त्या आकड्याविषयी. दोन्ही विमानांच्या वेळी फोनवर वाऱ्याचा वेग सारखाच दिसत होता, असे तू म्हणतोस. दिसणारच. आम्ही हवामानाच्या नेमाने निघणाऱ्या अहवालात जो वारा लिहितो, तो जमिनीपासून सुमारे १० मीटर उंचीवरच्या यंत्राने मोजलेला, साधारणतः मागच्या १० मिनिटांचा सरासरी वारा असतो. उतरणाऱ्या वैमानिकाला कंट्रोल टॉवर जो वारा सांगतो, तो बहुधा २ मिनिटांच्या सरासरीचा असतो. शिवाय अहवालातली दिशा खऱ्या उत्तरेपासून मोजलेली असते आणि टॉवरने सांगितलेली चुंबकीय उत्तरेपासून, कारण धावपट्ट्यांचे क्रमांकच चुंबकीय दिशेवरून पडलेले असतात. (नव्या सहकाऱ्यांचा यात हमखास गोंधळ उडे, आणि पहिल्या वर्षी माझाही उडाला होता.) सांगायचे इतकेच, की फोनवर एकच आकडा दिसला म्हणजे दोघांना एकच वारा मिळाला, असे होत नाही.

दिशेमुळे किती फरक पडतो ते पाहा. ४० नॉटचा, म्हणजे ताशी सुमारे ७४ किलोमीटरचा वारा धावपट्टीशी ३० अंशांचा कोन करून येत असेल, तर विमानाला आडवे ढकलणारा त्याचा भाग २० नॉटच भरतो. तोच वारा, वेग तसूभरही न वाढता, ७० अंशांपर्यंत वळला की आडवा भाग ३७ नॉटच्या वर जातो. एअरबस ए-३२० या विमानासाठी उतरताना सिद्ध करून दाखवलेला आडवा वारा झोतांसह ३८ नॉट आहे. ही त्या विमानाची अंतिम सीमा नव्हे. चाचणीच्या वेळी जेवढा वारा मिळाला आणि निभावला गेला, तेवढा निर्मात्याने लिहून ठेवला, असा त्याचा अर्थ. ओली धावपट्टी किंवा कमी अनुभवाचा सहवैमानिक असेल, तर मर्यादा याहूनही खाली आणल्या जातात. म्हणजे वादळाचा पट्टा डोक्यावरून सरकत असताना वारा थोडा वळला, तरी दहा मिनिटांपूर्वी जे उतरणे बिनघोर होते तेच नियमाबाहेर जाऊ शकते.

१ मार्च २००८ रोजी जर्मनीत हॅम्बुर्ग येथे जे घडले, ते याच हिशेबाचे उदाहरण आहे. ‘एम्मा’ वादळात एक ए-३२० धावपट्टी क्रमांक २३ वर, म्हणजे २३० अंशांच्या रोखाने उतरत होते आणि वारा ३०० अंशांच्या सुमारास होता. अशा वेळी विमान खेकड्यासारखे तिरके, नाक वाऱ्याकडे वळवून खाली येते आणि चाके टेकण्याच्या बेताला पायाच्या पेडलने त्याचे नाक धावपट्टीच्या रेषेत आणावे लागते. त्या क्षणी वाऱ्याकडचा पंख उचलला जाण्याचा धोका असतो. तिथे तो उचलला गेला, दुसऱ्या पंखाचे टोक धावपट्टीला घासले, आणि वैमानिकांनी पूर्ण जोर लावून विमान पुन्हा वर नेले. नंतर ते ३३ क्रमांकाच्या धावपट्टीवर सुखरूप उतरले. पहिल्या धावपट्टीशी वाऱ्याचा कोन सुमारे ७० अंशांचा होता, दुसरीशी ३० अंशांचा. कोणाला इजा झाली नाही.

नुसता जोराचा वारा विमानाचा शत्रू असतोच असे नाही, हे ऐकून तुला नवल वाटेल. पंखांना जमिनीवरचा वेग कळत नाही. त्यांना फक्त त्यांच्यावरून वाहणाऱ्या हवेचा वेग कळतो. म्हणून समोरून येणारा स्थिर वारा उतरताना मदतच करतो, कारण तेवढ्याने चाके कमी वेगात टेकतात. अटलांटिकवर ‘किआरा’ वादळाच्या दिवसांत, फेब्रुवारी २०२० मध्ये, पाठीशी जेट प्रवाह, म्हणजे खूप उंचावर वाहणारा वेगवान वारा, घेऊन निघालेले एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले. जमिनीच्या तुलनेत त्याचा वेग ताशी १,३०० किलोमीटरच्या पुढे गेला होता, तरी भोवतालच्या हवेत ते नेहमीच्याच वेगाने उडत होते. उतरताना मात्र हीच पाठीमागची हवा घातक ठरते, कारण टेकण्याचा वेग वाढतो आणि धावपट्टी पुरत नाही.

मित्रा, खरी भीती वाऱ्याच्या बदलाची असते. गर्जन्मेघातून पावसाबरोबर हवा खाली ओढली जाते, वाटेत थेंबांचे बाष्पीभवन झाल्यामुळे ती आणखी थंड आणि जड होते, वेगाने जमिनीवर आदळते आणि फरशीवर बादली उपडी केल्यावर पाणी जसे चहूकडे पसरते तशी फाकते. याला मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचा व्याप ४ किलोमीटरच्या आत आणि आयुष्य काही मिनिटांचे. समज, विमान १४० नॉटने उतरते आहे आणि या पसरत्या हवेत शिरते आहे. आधी समोरून २० नॉटचा वारा लागतो, हवेतला वेग वाढतो, विमान ठरलेल्या मार्गाच्या वर जाऊ लागते आणि वैमानिक साहजिकच इंजिनांचा जोर कमी करतो. मग मध्यभागी वरून खाली दाबणारी हवा लागते, आणि लगेच पलीकडे पाठीमागून २० नॉटचा वारा. पंखांच्या दृष्टीने काही सेकंदांत ४० नॉट नाहीसे झाले. इंजिने मंदावलेली आहेत आणि जमीन जेमतेम शे-दोनशे मीटरवर. पहिला झोत जणू मदतीला आल्यासारखा वाटतो, हीच त्यातली मेख.

हे उलगडले ते टेट्सुया फुजिता या शास्त्रज्ञामुळे. १९४५ मध्ये नागासाकी आणि हिरोशिमा येथे स्फोटाखालची झाडे कशी बाहेरच्या दिशेने फाकून पडली, हे त्यांनी पाहिले होते. १९७४ मध्ये अमेरिकेतील टोर्नेडोंनंतर, म्हणजे जमिनीला टेकणाऱ्या सोंडेसारख्या वावटळींनंतर, विमानातून पाहणी करताना जंगलात झाडांची तशीच ताऱ्यासारखी पसरलेली पडझड त्यांना दिसली, आणि वरून कोसळणाऱ्या हवेची कल्पना त्यांच्या मनात रुजली. पुढच्याच वर्षी, २४ जून १९७५ रोजी, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरणारे एक बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडे कोसळले आणि ११३ माणसे गेली. तपासात फुजितांनी कारण सांगितले ते हेच. त्यांच्या क्षेत्रातील कित्येकांना ते पटायला वेळ लागला.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मला केनेडी विमानतळावरच्या त्या दुपारच्या क्रमात दिसते. कोसळलेल्या विमानाच्या आधी त्याच धावपट्टीवर विमाने उतरली होती, आणि मधल्या काळात एका वैमानिकाने वारा पाहून उतरणे सोडून दिले होते. दहा वर्षांनी, २ ऑगस्ट १९८५ रोजी, डॅलस-फोर्ट वर्थ येथे पुन्हा तेच झाले. पुढचे लहान लिअरजेट त्याच पावसातून जाऊन उतरले. मागचे लॉकहीड ट्रायस्टार उतरू शकले नाही आणि १३७ जीव गेले. तू ज्या विमानाचे उदाहरण देतोस, त्याने मागच्यासाठी काहीच सिद्ध केलेले नसते. नोकरीत असताना ‘पुढचा उतरला ना?’ हे वाक्य ऐकले की माझ्या पोटात गोळा येई.

या अपघातांनंतर विमानतळांवर डॉप्लर रडार आली, विमानांच्या नाकात पुढचा वारा पाहणारी रडार आली, आणि सराव-यंत्रांवर प्रत्येक वैमानिकाकडून ती कसरत घोटून घेतली जाऊ लागली. धोक्याचा इशारा होताच इंजिनांना पूर्ण जोर द्यायचा, नाक वर घ्यायचे, आणि धोक्यातून बाहेर पडेपर्यंत चाके किंवा फ्लॅप (पंखांच्या मागच्या हलत्या झडपा) यांना हात लावायचा नाही. तुम्हाला पाठीत दाबल्यासारखे वाटले आणि इंजिने एकदम ओरडली, असे तू लिहिले आहेस. ते बहुधा हेच असावे. इतक्या बारीक हिशेबाने वागणाऱ्या माणसाला तू भित्रा म्हणतोस, हे मला मान्य नाही.

दोन प्रयत्नांनंतर दुसरीकडे जाणे हेही हताशपणाचे लक्षण नव्हे. निघतानाच पर्यायी विमानतळापर्यंतचे इंधन आणि त्यावर ३० मिनिटे घिरट्या घालता येतील एवढा अखेरचा साठा विमानात घेतलेला असतो, आणि हा शेवटचा साठा वापरायची पाळी येऊ नये असाच सगळा बेत असतो. उतरण्याच्या प्रयत्नांआधी तुमच्या विमानाने अर्धा तास घिरट्या घातल्या, त्यांचे कारणही वाराच. समोरच्या जोरदार वाऱ्यात विमाने जमिनीच्या तुलनेत सावकाश येतात, त्यांच्यात ठरावीक मैलांचे अंतर ठेवले की तासाला कमी विमाने उतरतात आणि मागे रांग लागते. लंडनच्या हीथ्रो विमानतळाने २०१५ पासून अशा दिवसांत अंतराऐवजी वेळेने विमाने राखायला सुरुवात केली, ती याचसाठी.

उंचावरच्या हादऱ्यांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तुझी तक्रार त्याविषयी नाही. १९६६ मध्ये फुजी पर्वताच्या आडोशाला उठलेल्या हवेच्या लाटांनी एक बोइंग ७०७ हवेतच मोडले होते; आजच्या विमानांचे पंख अशा धक्क्यांना पुष्कळ दाद देऊन लवतात. आता इजा होते ती बहुतेक पट्टा न बांधलेल्यांना. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या बोइंग ७७७ मधील एक प्रवासी दगावला आणि अनेक जखमी झाले. प्राथमिक अहवालानुसार ते विमान ४.६ सेकंदांत केवळ ५४ मीटर खाली आले होते.

राहिला तो पाऊण तास, ज्याचा तुला सर्वाधिक संताप आला आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की दाब चौपट. उभ्या विमानाचे भलेमोठे शेपूट म्हणजे वाऱ्याला आयते शीडच, त्यामुळे विमान वातकुक्कुटासारखे वाऱ्याकडे वळू पाहते. डिसेंबर २०२३ मध्ये ब्युनोस आयर्सच्या शहरातल्या विमानतळावर उभे असलेले बोइंग ७३७ वाऱ्याने ढकलून फिरवले होते, आणि मे २०२४ मध्ये डॅलस येथे तसेच एक विमान गेटपासून, म्हणजे प्रवासी चढतात त्या जागेपासून, बाजूला सरकले होते. दारांनाही मर्यादा असतात. ए-३२० चे प्रवाशांचे दार ६५ नॉटपर्यंत उघडता येते, पण मालाच्या दाराची साधारण मर्यादा ४० नॉट आहे. शिडीची गाडी आणि प्रवाशांना जोडणारा पूल यांच्या मर्यादा वेगळ्या, आणि वारा त्यांच्या वर गेला की माणसांना खाली काम करायला पाठवतच नाहीत. तुमची शिडी का आली नाही आणि सामान का आणखी तासाने मिळाले, याचा उलगडा यात व्हावा. त्या वेळात प्रवाशांना कोणी चार शब्द सांगितले नाहीत, ही तुझी तक्रार मात्र अगदी रास्त आहे, आणि तेवढ्यापुरता मी तुझ्याच बाजूने आहे.

परतीच्या प्रवासाचा दिवस कळव. जुन्या सवयीने आदल्या रात्रीचा वाऱ्याचा अंदाज पाहून ठेवीन, दिशेसकट.

तुझा मित्र