‘अनलिमिटेड’ची मर्यादा बिलावर छापा

मा. संपादक,

गोव्यात फायबर इंटरनेट आता शहरांपुरते राहिलेले नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत वाड्यावाड्यावर केबल पोचली आहे. तिच्याबरोबर एक तक्रारही घरोघरी पोचली आहे. महिन्याचे सुरुवातीचे दिवस नेट नीट चालते आणि मग एके दिवशी अचानक रांगायला लागते. फोन करावा तर उत्तर ठरलेले: ‘राऊटर बंद करून परत चालू करा.’ त्याने यातल्या बहुतेक तक्रारी सुटणे शक्यच नाही. नेट मंदावण्याची कारणे मुख्यतः तीन आहेत. कंपनीने मर्यादा संपल्यावर वेग आवळलेला असतो, किंवा लाइनवर गर्दी असते, किंवा लाइनच बिघडलेली असते. ग्राहकाला यातले नेमके कोणते हे कळू दिले जात नाही, हा माझा मुख्य आक्षेप आहे.

आधी मर्यादेचे. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत ‘अनलिमिटेड’ असते. अटींमध्ये बारीक अक्षरांत ‘एफयूपी’ असते, म्हणजे ठरावीक जीबी वापरल्यावर वेग कमी होणार. घरगुती फायबरच्या अनेक प्लॅनना महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा आहे, काही वायरलेस जोडण्यांना १००० जीबीची. आकडा मोठा वाटतो, पण हिशेब करून पाहा. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला १०० मेगाबिट; आठ बिटांचा एक बाइट, म्हणून सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. या वेगाने सलग डाउनलोड चालले तर १००० जीबी सुमारे २२ तासांत आणि ३३०० जीबी ७३ तासांत संपतात. जास्त पैसे भरून ३०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला आणि मर्यादा तीच राहिली, तर ३३०० जीबींचा साठा सुमारे चोवीस तासांत संपू शकतो. ग्राहक वेगाचे पैसे मोजतो, साठा मात्र वाढत नाही, हे विक्रेता सांगत नाही.

इतके सलग नेट कोण वापरतो, असे कोणी विचारील. गोव्यात याचे उत्तर सोपे आहे: सीसीटीव्ही. मुले बोटीवर किंवा आखातात, घर बंद किंवा घरात फक्त वयस्क आईवडील, म्हणून चार कॅमेरे लावलेले आणि त्यांचे चित्रण चोवीस तास क्लाउडवर जात असलेले. एक कॅमेरा २ एमबीपीएसने पाठवत असेल तर दिवसाला २१.६ जीबी आणि तीस दिवसांत ६४८ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे २५९२ जीबी. बहुतेक प्लॅनमध्ये अपलोड आणि डाउनलोड दोन्ही मर्यादेत मोजले जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणजे घरात कोणी एक सिनेमाही न बघता ३३०० जीबींपैकी तीन चतुर्थांशाहून जास्त साठा संपलेला असतो. उपाय साधा आहे. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये सततचे क्लाउड रेकॉर्डिंग बंद करून हालचाल झाली तरच पाठवायचे ठेवा आणि बाकीचे घरातल्या डीव्हीआरवर (चित्रण साठवणाऱ्या पेटीवर) किंवा मेमरी कार्डावर साठवा. केबल जोडून देणाऱ्या माणसाने ही गोष्ट जोडणीच्या दिवशीच सांगायला हवी.

मर्यादा संपल्यावर काय होते, तेही आकड्यांत पाहू. वेग २ एमबीपीएसवर आला तर १ जीबीची फाइल उतरायला तासाहून थोडा जास्त वेळ लागतो. ५१२ केबीपीएसवर, म्हणजे साधारण अर्ध्या एमबीपीएसवर, आला तर तीच फाइल सव्वाचार तासांहून जास्त घेते आणि मुलांचा ऑनलाइन वर्ग तर चालतच नाही. मोबाइलच्या अनेक प्लॅनमध्ये रोजचा साठा संपला की वेग ६४ केबीपीएसवर जातो. त्यात एक मेगाबाइटचा फोटो यायला दोन मिनिटे लागतात. ज्या वाड्यांवर अजून फायबर नाही आणि सगळे घर एका मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालते, तिथे याचा अर्थ नेट बंद, इतकाच.

नियम नाहीत असे नाही. ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, ३१ ऑक्टोबर २०१६ रोजी कंपन्यांना निर्देश दिले: मर्यादा किती, मर्यादेपर्यंत वेग किती आणि त्यानंतर किती, हे स्पष्ट सांगा, वापर ५०, ९० आणि १०० टक्क्यांवर पोचला की ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवा, घरगुती ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली नेऊ नका. त्या वेळी ब्रॉडबँडची सरकारी व्याख्याच ५१२ केबीपीएसची होती. जानेवारी २०२३ मध्ये दूरसंचार विभागाने ती किमान २ एमबीपीएस केली. म्हणून माझे म्हणणे असे की मर्यादा संपल्यावर २ एमबीपीएसपेक्षा कमी वेग देऊन ‘ब्रॉडबँड’चे पूर्ण बिल लावणे रास्त नाही. व्याख्या बदलली, तसा हा तळही बदलायला हवा.

आता तुमच्याकडचे कारण कोणते ते ओळखायचे कसे? सकाळी सातला, दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला स्पीड टेस्टने वेग मोजा. तिन्ही वेळा आकडा जवळजवळ सारखाच, १.९ किंवा २.० असा सपाट आला, तर वेग मुद्दाम आवळलेला आहे. बिघाडाने किंवा गर्दीने आकडा असा एका जागी चिकटून बसत नाही. सकाळी ९० आणि रात्री ८ येत असेल तर ती गर्दी. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत एका मुख्य तंतूवरून सुमारे २.५ जीबीपीएस (२५०० एमबीपीएस) खाली येतात आणि ते ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात. चौसष्ट घरांना प्रत्येकी १०० एमबीपीएस विकले तर विक्री ६.४ जीबीपीएसची होते. सगळे एकाच वेळी वापरत नाहीत, म्हणून एवढे चालून जाते. खरी अडचण बहुधा पुढे असते: गावातल्या ऑपरेटरने वर कंपनीकडून जितकी बँडविड्थ घेतली आहे ती तितकीच ठेवून ग्राहक मात्र वाढवत नेलेले असतात. यावर ग्राहकाच्या हातात काही नसते, पण वेळेनिशी घेतलेल्या नोंदी असल्या तर ऑपरेटरला ते नाकारता येत नाही.

तिसरे कारण लाइनचे, आणि आपल्याकडच्या पावसात ते सर्वांत जास्त. केबली विजेच्या खांबांवरून, माडांवरून, आंब्याच्या फांद्यांवरून ओढलेल्या असतात. झावळी पडते, केबल ताणली जाते, जॉइंट बॉक्समध्ये पाणी शिरते, तंतू कुठेतरी तीव्र वळतो आणि प्रकाश गळतो. राऊटरवर ‘एलओएस’चा लाल दिवा लागला तर प्रकाश पोचतच नाही. दिवा हिरवा असून नेट अडखळत असेल तर राऊटरच्या सेटिंग पानावर ‘आरएक्स पॉवर’, म्हणजे राऊटरपर्यंत पोचणाऱ्या प्रकाशाची ताकद, पाहा. उणे १५ ते उणे २५ डीबीएम (हे त्या ताकदीचे एकक) ठीक; उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २७ च्या आसपास आकडा गेला की जोडणी तुटत-जुळत राहते. कोरड्या दिवशी एकदा आकडा टिपून ठेवा आणि पावसात पुन्हा पाहा. दोन-तीन डीबीचा फरक आला तर कनेक्टर किंवा जोड तपासायला सांगा. दुरुस्तीला आलेला माणूस प्रकाश मोजायचा पॉवर मीटर न आणता नुसता राऊटर बदलून गेला, तर मूळ दोष जागेवरच राहतो.

काही वाड्यांवर फायबर खांबापर्यंतच असते. पुढे घरापर्यंत तांब्याची लॅन केबल आणि खांबावर किंवा गच्चीवर एक स्विच, म्हणजे जोडणी घरोघरी वाटणारी पेटी. त्याला बॅटरी नसते. घरात इन्व्हर्टर असूनही वीज गेली की नेट जाते ते यामुळे. मे महिन्याच्या वळवाच्या गडगडाटात हे स्विच जळतात, कारण तांबे विजेचा झटका वाहून नेते, काचेचा तंतू नेत नाही. जोडणी घेण्याआधी ‘फायबर घरात येणार की खांबापर्यंत’ हा एक प्रश्न अवश्य विचारा.

मोजताना वायफायवर भरवसा नको. आपल्या जुन्या घरांच्या चिऱ्याच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या खोलीत जेमतेम पोचतो. लॅपटॉप लॅन केबलने थेट राऊटरला जोडा, बाकीची उपकरणे बंद करा. २०० एमबीपीएसचा प्लॅन असून आकडा नेमका ९४-९५ वर अडत असेल तर कंपनीला दोष देण्याआधी केबल आणि पोर्ट पाहा. केबलच्या आठ तारांतली एखादी तुटलेली असली किंवा पोर्ट जुना असला तर जोडणी १०० वरच थांबते. चाचणीचा सर्व्हरही (स्पीड टेस्ट ज्या संगणकाशी जोडून वेग मोजते तो) बदला. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हरवर आकडा छान येतो. मुंबई किंवा बेंगळुरूचा दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडला की खरे चित्र दिसते. एखादेच ॲप मुद्दाम संथ केल्याचे दिसले, बाकी सर्व वेगात, तर ती बाब वेगळी आणि गंभीर आहे. २०१८ पासून नेट न्यूट्रॅलिटीच्या, म्हणजे सर्व साइट व ॲपना समान वागवण्याच्या, अटीनुसार तसे करायला परवानाधारक कंपनीला मनाई आहे.

तक्रार केबलवाल्याच्या व्हॉट्सॲपवर करून थांबू नका. तो अनेकदा फक्त फ्रँचायझी असतो. जीएसटीचे बिल मागा, त्यावर परवानाधारक कंपनीचे नाव असते. (रोख घेऊन बिल न देणाऱ्याकडे ग्राहकाचा पुरावाच उरत नाही. आणि ४९९ रुपयांचा प्लॅन १८ टक्के करासह ५८८.८२ रुपयांना पडतो, तेही आधी विचारावे.) कंपनीच्या ग्राहक सेवेकडे तक्रार नोंदवून डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) घ्या. मजकूर थोडका ठेवा: प्लॅन, तारीख, वेळ, लॅन केबलवर मिळालेला वेग, शिल्लक साठा. निकाल पटला नाही किंवा मुदतीत आलाच नाही, तर ३० दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे जाता येते. त्याला शुल्क नाही आणि निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो. ट्राय स्वतः वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे पत्रे पाठवण्यात वेळ जातो. ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या नव्या गुणवत्ता नियमांत घरगुती लाइनचा बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर भरपाईची तरतूद आहे. ती न मागता क्वचितच मिळते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉमच्या तक्रारी आयोगाला ऐकता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. सेवेसाठी भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगाचे शुल्क नाही, आणि घरगुती ब्रॉडबँडची कोणतीही तक्रार त्यातच बसते.

कंपन्यांकडे माझी मागणी महागडी नाही. दर महिन्याच्या बिलावर चार ओळी मोठ्या अक्षरांत छापा: साठा किती, त्यातला अपलोड-डाउनलोड मिळून वापर किती, साठा संपल्यावरचा वेग किती, आणि या महिन्यात वेग कोणत्या तारखेला कमी केला. ही माहिती कंपनीच्या सर्व्हरवर आधीच असते, कारण तिच्याच आधारे वेग आवळला जातो. आणि जिथे साठा आहे तिथे ‘अनलिमिटेड’ हा शब्द जाहिरातीतून काढा.

— एक नेटवर्क तंत्रज्ञ, फोंडा