या आठवड्यात रात्री काय केलंत? रविवारपर्यंत टाका

मंडळी, या आठवड्याचं रात्रीचं जेवण रविवारी ९ वाजेपर्यंत ग्रुपवर टाकायचंय, अजून मोजक्याच जणांचं आलंय म्हणून ही आठवण. फोटो नसला तरी चालेल पण प्रमाण लिहाच, वाटीने सांगा नाहीतर चमच्याने, नुसतं 'अंदाजे' लिहिलं की नवीन शिकणाऱ्यांची पंचाईत होते. साधी मुगाची खिचडी केली असेल तरी टाका, रोजचंच तर हवंय.

आणि पहिल्या पावसाच्या रानभाज्या आल्यात बाजारात, तर ज्यांनी केल्या त्यांनी निवडायची कशी तेही नीट सांगा. मी मंगळवारी फोडशी केली, आतला पांढरा कडक दांडा काढून टाकला, मग तीन पाण्यातून धुतली कारण बुडाशी माती अडकून बसते, मग कांदा, लसूण, हिरवी मिरची आणि अर्धी वाटी भिजवलेली मूगडाळ, बस्स, तांदळाच्या भाकरीबरोबर काय सुंदर लागली! शेवळं केली असतील तर काकडं (शेवळांबरोबर मिळणारी छोटी आंबट फळं) घातली की चिंच-कोकम ते कृतीत लिहायला विसरू नका प्लीज, आंबट नसेल तर घसा खाजतो आणि पहिल्यांदा करणाऱ्याला ते माहीत नसतं.