मडगावच्या ताईंना, वाचनालयाच्या ग्रंथयादीसाठी

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

डिचोलीच्या आमच्या वाचनालयाची ग्रंथयादी पुन्हा वाचता येते आहे, ती तुमच्यामुळे. समोर आभार मानले की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र.

यादी नव्या सर्व्हरवर, मायएसक्यूएल ८ या डेटाबेस प्रणालीवर हलवली आणि मराठी नावांच्या जागी डोक्यावर तिरपी रेघ असलेले ‘ए’ आणि येनची चिन्हं दिसू लागली. जो तो सांगायचा, टेबल यूटीएफ-८मध्ये, म्हणजे सगळ्या लिपी सामावणाऱ्या संकेतपद्धतीत, कन्व्हर्ट करून टाका. तुम्ही मात्र आधी बॅकअप घ्यायला लावलात आणि एका नावाचे बाइट, म्हणजे संगणक अक्षरं ज्या आकड्यांत साठवतो ते, हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) काढून दाखवलेत. ई०-ए४, ई०-ए५ अशा जोड्या पुन्हा पुन्हा येत होत्या. देवनागरीचं अक्षर यूटीएफ-८मध्ये तीन बाइटांचं असतं आणि त्याची सुरुवात याच जोड्यांनी होते. म्हणजे मजकूर शाबूत होता. रकान्यावर पाटी तेवढी लॅटिन-१ची, पश्चिम युरोपीय भाषांच्या जुन्या संकेतपद्धतीची, होती. जुनं कनेक्शनही लॅटिन-१चंच, म्हणून इतकी वर्षं बाइट जसेच्या तसे आत-बाहेर जात राहिले. सरळ कन्व्हर्ट केलं असतं तर तो गोंधळच यूटीएफ-८मध्ये पक्का बसला असता. रकाना आधी व्हारबायनरी (नुसत्या बाइटांचा) करायचा, मग यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधलं पूर्ण यूटीएफ-८). तसं केलं की सर्व्हर बाइटांना हात लावत नाही.

पण गोव्यातली यादी एवढ्यावर कशी सुटेल? पोर्तुगीज पुस्तकांच्या नोंदी जुन्या विंडोज फाइलीतून आलेल्या, त्या खरोखरच लॅटिन-१. गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हांच्या नावातला शेपटीचा ‘सी’ म्हणजे एकटा ई७ बाइट, यूटीएफ-८च्या नियमात न बसणारा. मराठीसाठीचा उपाय त्यांना लावला असता तर ती नावं बिघडली असती. ‘थोडीच तर आहेत, सोडून द्या,’ असं कुणीतरी म्हणालंही. तुम्ही ऐकलं नाहीत. ओळ न् ओळ तपासून दोन गट केलेत आणि प्रत्येकाला त्याचा उपाय लावलात. माझ्या मनात सगळ्यात जास्त कृतज्ञता आहे ती याबद्दल.

उरली ती अर्धवट तुटलेली लांब शीर्षकं. १०० अक्षरांच्या रकान्यात देवनागरीची जेमतेम ३३ मावत होती. तुम्ही यादी काढून दिलीत, आम्ही दाखल नोंदवहीवरून ती पुन्हा टाइप केली.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत. तुम्ही लिहून दिलेल्या पायऱ्या आता फोंड्याच्या एका वाचनालयाला हव्या आहेत. तुमची हरकत नसेल तर त्यांना देऊ का?

आपली कृतज्ञ,
वाचनालयाची एक कार्यकर्ती, डिचोली