लवाद म्हणजे मध्यस्थी नव्हे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

द्राक्ष निर्यातीच्या थकबाकीवर लिहिताना ‘आंतरराष्ट्रीय मध्यस्थी’ हा शब्द सर्रास वापरला जातो. मध्यस्थ समजूत घालतो, त्याचे ऐकायलाच हवे असे नाही. लवाद निवाडा देतो आणि तो दोन्ही पक्षांना बांधतो. निर्यातदाराच्या कामाचा आहे तो हाच. नाशिकच्या न्यायालयाचा हुकूमनामा रॉटरडॅममध्ये थेट बजावता येत नाही, कारण नेदरलँड्सशी भारताचा तसा करार नाही. लवादाचा निवाडा मात्र 1958च्या न्यूयॉर्क कराराखाली तिथे वसुलीला लावता येतो. भारत 1960पासून या करारात आहे आणि सदस्य देश 170हून अधिक आहेत.

घोडे अडते ते कलमाच्या शब्दांवर. भाव, मण्याचा आकार, गोडी यांवर आठवडाभर घासाघीस होते आणि वादाचे कलम जुन्या कागदावरून उतरवले जाते : ‘वाद झाल्यास मुंबई किंवा लंडन येथे लवादाकडे जाता येईल.’ ‘जाता येईल’ म्हटले की सक्ती उरत नाही. ‘किंवा’मुळे लवादाचे कायदेशीर स्थानच ठरत नाही. स्थान म्हणजे बैठकीची खोली नव्हे. निवाड्याला आव्हान कुठल्या न्यायालयात द्यायचे हे त्यावरून ठरते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012च्या ‘बाल्को’ (भारत ॲल्युमिनियम कंपनी) खटल्यातील निकालानंतरच्या करारात लंडन लिहिले, तर निवाडा रद्द करण्याचा अर्ज मुंबईत चालणार नाही. म्हणून स्थान एकच लिहावे, लवाद चालवणाऱ्या संस्थेचे नाव अचूक लिहावे आणि लवादही एकच नेमावा. एका कंटेनरच्या भांडणात तिघांची फी कोण भरणार?

खरी पंचाईत पुराव्याची. द्राक्षे निकालासाठी थांबत नाहीत. खरेदीदार ‘माल नरम निघाला’ असे कळवतो, मिळेल त्या भावाला विकतो आणि मग तपासायला काही उरत नाही. तेव्हा कंटेनर उघडल्यापासून 24 तासांत तक्रार, माल हलवण्यापूर्वी दोघांना मान्य सर्व्हेअरची (माल तपासनिसाची) पाहणी आणि कंटेनरमधल्या तापमान नोंदयंत्राची पूर्ण नोंद, या अटी करारातच घालाव्यात.

नोटिशीचा पत्ता व ई-मेलही तिथेच लिहावेत. ‘मला नोटीस मिळालीच नाही’ हा परदेशी न्यायालयात अंमलबजावणी अडवण्याचा मान्य बचाव आहे. कुरिअरच्या पोचपावत्या आणि कराराची मूळ प्रत वसुली होईपर्यंत जपून ठेवावी.

– निर्यात करारांचे काम पाहणारे काही वाचक, नाशिक