किलोवॅट विकताय, पण युनिट किती देणार?

मा. संपादक, स. न. वि. वि.

ऐरोलीतल्या सोसायट्यांमध्ये गच्चीवर सौर पॅनल बसवण्याची सध्या लाट आली आहे. ती यावी, याच मताचा मी आहे. तक्रार आहे ती कंपन्यांच्या कोटेशनांबद्दल. त्यांत किलोवॅटचा आकडा ठळक छापलेला असतो आणि सभासदाला ज्याच्याशी देणेघेणे आहे तो आकडा, महिन्याला युनिट किती, शोधूनही सापडत नाही. मी आयटीआयमध्ये तारतंत्री हा ट्रेड शिकवून निवृत्त झालो. त्यामुळे आजूबाजूचे सेक्रेटरी ही कोटेशने घेऊन माझ्याकडे येतात.

आमच्याच सभेत एका कंपनीचा तरुण प्रतिनिधी फळ्यावर मांडून गेला: दहा किलोवॅट म्हणजे तासाला दहा युनिट, ऊन बारा तास, म्हणजे दिवसाला १२० युनिट, लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे सगळे फुकट. सभासद खूश. गुणाकार बरोबर होता, उत्तर मात्र तिप्पट फुगलेले.

किलोवॅट म्हणजे त्या क्षणाचा जोर. एक किलोवॅटचा जोर तासभर टिकला की एक युनिट. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला तरी एक युनिट आणि दोन किलोवॅटचा गिझर अर्धा तास चालला तरी एकच. पॅनलवर लिहिलेले वॅट मोजलेले असतात ते चाचणीच्या ठरावीक स्थितीत: चौरस मीटरला १००० वॅट इतका प्रकाश आणि पॅनलचे तापमान २५ अंश. ऐरोलीच्या गच्चीवर सकाळी सातला आणि संध्याकाळी पाचला हा प्रकाश कोण आणून देणार? आपल्याकडचा व्यवहारातला हिशेब असा की, एका किलोवॅटमागे वर्षाच्या सरासरीने दिवसाला चार युनिट. दहा किलोवॅटचे ४०, महिन्याचे १२००. जुलै-ऑगस्टमध्ये त्याहून बरेच कमी.

मे महिन्यात तरी भरपूर वीज मिळेल, असे सभेत बऱ्याच जणांनी बोलून दाखवले. पॅनलला प्रकाश हवा असतो, उष्णता नको असते. मे महिन्यात दुपारी पॅनल साठ अंशांपर्यंत तापते आणि पंचविसाच्या वर दर अंशाला उत्पादन साधारण ०.३५ टक्क्याने घटते. म्हणजे या वरच्या ३५ अंशांपोटी बारा टक्के गेले. साडेपाचशे वॅटचे पॅनल भर दुपारी पावणेपाचशेच्या आसपास येते. जानेवारीच्या स्वच्छ, गार दुपारी तेच पॅनल जास्त जोमात असते. त्यावर धूळ आणि पाण्याच्या टाकीची सावली. पॅनल एकापुढे एक सिरीजमध्ये जोडलेली असल्याने एकावर सावली पडली तरी सगळ्या रांगेला त्याचा त्रास होतो.

आता वीज खर्च होते ती बाजू. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. आमचा पाच हॉर्सपॉवरचा पंप पाच तास चालला की साडेअठरा युनिट, मोटारीची स्वतःची तूट धरली तर वीसच्या पुढे. चाळीसपैकी निम्मी वीज अशी पाण्यातच गेली!

बॅटरीबद्दलही हाच गोंधळ. ‘दीडशे अँपिअरची बॅटरी’ असे सर्रास सांगतात. ते दीडशे अँपिअर-तास असतात. बारा व्होल्टने गुणले की १८०० वॅट-तास, म्हणजे कागदावर १.८ युनिट. साधी लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याहून जास्त उतरवू नये, म्हणून हाताशी उरते जेमतेम एक युनिट. त्यावर लिफ्ट चालवण्याची भाषा कोणी करू नये. आणि बॅटरीशिवाय, नेट मीटरिंगवर (म्हणजे जादा वीज महावितरणला देऊन ती बिलात वळती करण्याच्या पद्धतीवर) बसवलेला प्रकल्प महावितरणची वीज गेली की भर उन्हातही बंद होतो. गच्चीवरची वीज उलटी बाहेरच्या तारांत जाऊन खांबावर चढलेल्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून पॅनलला जोडलेला इन्व्हर्टर मुद्दामच तसा बनवलेला असतो. ही गोष्ट सही होण्याआधी सांगितल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

विक्रेते किलोवॅटवरच का बोलतात, तेही उघड आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदान आहे. अनुदान किलोवॅटवर मिळते आणि बिल युनिटवर वाचते. दहाचे पंधरा किलोवॅट केले की अनुदान वाढते, कंपनीची उलाढालही वाढते. पण गच्चीवर तेवढी मोकळी, बिनसावलीची जागा आहे का आणि तेवढी वीज आपल्याला लागते का, हे बघायचे राहून जाते. एका किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात, टेप घेऊन मोजावे.

माझी मागणी साधी आहे. प्रत्येक कोटेशनच्या पहिल्या पानावर बारा महिन्यांचे अपेक्षित युनिट वेगवेगळे लिहिलेले असावेत आणि वर्षाअखेर तूट आली तर भरपाई काय, तेही. आपल्या बातम्यांतही प्रकल्पाच्या किलोवॅटबरोबर वर्षाचे युनिट छापावेत. कधीकधी ‘किलोवॅट प्रति तास’ असे छापून येते, ते टाळावे. इथे तासाने भागायचे नसते, गुणायचे असते. ठाणे-नवी मुंबईतल्या ज्या सोसायट्यांचे प्रकल्प वर्षभर चालू आहेत, त्यांनी आपले महिनावार युनिट या सदराकडे कळवावेत. आपण ते छापलेत तर पुढच्या सभेत फळ्यावर १२० लिहिणाऱ्यापुढे ते कात्रण ठेवता येईल.

– एक निवृत्त शिल्पनिदेशक, ऐरोली, नवी मुंबई