जाळीतून वारा जातो

खोडद,
रविवार, 14 जून

चि. तायडीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे मृग कोरडाच चाललाय. सकाळी भरून येतं, दुपारी उघडतं. कांदा बराखीत आहे, भाव नाही म्हणून हात लावलेला नाही. तांबडीला कालवड झाली, कपाळावर पांढरा ठिपका आहे. नाव तू ठेवायचंस असं तुझी आई म्हणते.

हे फोनवरही सांगता आलं असतं. लिहायला बसलो, कारण परवा जेवताना दिनूच्या तोंडून निसटलं. नऊ महिन्यांनी तुमच्या संशोधनाची जी बैठक असते, पुढे जायचं की नाही ते ठरवणारी, त्यात तुला होकार मिळाला नाही आणि तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. ताईनं सांगू नको म्हटलंय, असंही तो म्हणाला. त्याला बोलू नकोस. त्याच संध्याकाळी तू मला म्हणालीस, "सगळं मस्त चाललंय पप्पा, फक्त वारा फार आहे." कॅमेरा बंद होता.

मी रागावलेलो नाही. हे आधीच लिहून ठेवतो.

बैठकीचं मला काही वाटत नाही, खरंच. तूच मला समजावलं होतंस, जायच्या आदल्या रात्री ओट्यावर बसून. महास्फोटानंतर 3 लाख 80 हजार वर्षांनी पहिला उजेड मोकळा सुटला आणि मग सगळीकडे अंधार. तारे नाहीत, नुसता हायड्रोजन पसरलेला. त्या अंधारातून पहिले तारे पेटले, ती पहाट तुला शोधायची आहे. हायड्रोजनची लहर 21 सेंटीमीटरची निघाली आणि विश्व ताणत गेलं तशी तीही ताणत गेली. इथे पोचेपर्यंत दोन मीटरची झाली. मी तेव्हा उठून दाराची चौकट मोजली होती, आठवतं? साधारण तेवढीच भरली. आणि आपल्या आकाशगंगेचाच गोंगाट तिच्यापेक्षा हजारो पटीनं मोठा, त्याच्या मागून तिला ऐकायचं. अजून जगात कुणालाही ती खात्रीनं सापडलेली नाही, असं तूच म्हणाली होतीस. मग जे जगाला जमलं नाही ते तुला नऊ महिन्यांत कसं जमावं? एवढं साधं मला कळतं. ते तू माझ्यापासून का झाकलंस, तेवढं कळत नाही.

दिनूकडून मी वाचून घेतलं. ती लहर असणार हे पहिल्यांदा सांगितलं ते तू आहेस त्याच नेदरलँडमधल्या माणसानं, व्हान डे हुल्स्टनं, 1944 साली, देश जर्मनांच्या ताब्यात असताना. पुढे तिथल्या लोकांनी ती पकडायला यंत्र उभं केलं आणि ते आगीत जळालं. 1951 मध्ये अमेरिकेतल्या दोघांनी आधी पकडली. हे थांबले नाहीत, काही आठवड्यांत त्यांनाही सापडली. यंत्र जळालं हे त्यांनी लपवलं नाही, म्हणूनच आज दिनूला ते वाचायला मिळालं.

पुन्हा तिथेच आलो. उपदेश करायचा नाही असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय. माफ कर.

काल संध्याकाळी वरच्या वावरातून येताना आपल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीचा अँटेना फिरत होता. मी नेहमीसारखा थांबलो. 1994 साली मी वीस वर्षांचा होतो, रोजावर जाळीच्या कामाला जायचो. 45 मीटरची ताटली आणि तिला पत्रा नाही, नुसती स्टीलची बारीक जाळी, हे बघून गावातली जाणती माणसंसुद्धा म्हणायची की यातून सगळं गळून जाईल. आम्हाला साहेबांनी एवढंच सांगितलं होतं की ज्या लहरी पकडायच्या त्या भोकांपेक्षा कितीतरी मोठ्या आहेत. जाळीतून वारा जातो, लहर जात नाही. वारा निघून जातो म्हणून लोखंड कमी लागतं, खर्च कमी येतो. ही दुर्बीण उभी करणाऱ्या गोविंद स्वरूप सरांचं डोकं ते. अशा तीस ताटल्या उभ्या राहिल्या, चौदा इथे जवळजवळ आणि सोळा तीन दिशांना, पंचवीस किलोमीटरांत. मी किती जाळी बांधली असेल? फार नाही. पण 28 फेब्रुवारीला तू पाचवीच्या वर्गाबरोबर विज्ञान दिनाला आत गेलीस आणि घरी येऊन म्हणालीस, "पप्पा, तुमच्या जाळीत तारे येतात." त्या रात्री मला झोप लागली नाही, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तुझं सगळं तिथूनच सुरू झालं असं लोक म्हणतात. मला वाटतं त्याच्याही आधी, मोठ्या आईच्या अंथरुणात. म्हातारीची बाज आणि तीन चोर, तिकांडं, व्याध, हे तिनं तुला शाळेच्या आधी शिकवलं. नववीत तू तिला उलटं शिकवलंस. जुन्या टीव्हीवर मुंग्या आल्या की ती चापट मारायची आणि तू तिचा हात धरलास. म्हणालीस, मोठे आई, यातल्या थोड्या मुंग्या विश्वाच्या पहिल्या उजेडातल्या आहेत, 1380 कोटी वर्षांपूर्वीच्या. मग ती कबुतरांची गोष्ट. अमेरिकेतल्या दोघांना 1964 मध्ये अँटेनात सारखी खरखर ऐकू येत होती. कबुतरं हाकलली, त्यांची घाण खरवडून काढली, तरी खरखर तशीच, रात्रंदिवस, सगळ्या दिशांनी. तो पहिला उजेडच होता, थंड होत होत शून्याखाली 270 अंशांवर गेलेला. मोठी आई म्हणाली, "मग बंद कशाला करायचा, राहू दे." आणि दोघी किती वेळ त्या मुंग्या बघत बसलात.

मला खरखर ऐकायला शिकवलंस तू. म्हणूनच तुझ्या "मस्त चाललंय"मध्ये मला ती ऐकू येते. पुण्यात दुसऱ्या वर्षी गणिताचा पेपर राहिला होता तेव्हाही तू चार महिने मस्तच होतीस. कावीळ झाली तेव्हाही. खोलीतल्या मुलीनं फोन केला म्हणून कळलं. रात्री टोमॅटोच्या गाडीत बसून आलो, तर तू पायरीवर बसलेली, डोळे हळदीसारखे, आणि पहिलं वाक्य, "तुम्ही कशाला आलात, कामं पडलीत ना." तेव्हापासून रात्री फोन वाजला की माझ्या पोटात खड्डा पडतो. पुणे दोन तासांवर होतं. ग्रोनिंगनला मी कुठल्या गाडीत बसून येऊ?

नारळीकर सर गेले तेव्हा तू फोनवर रडलीस. बहुतेकांनी महास्फोट मान्य केल्यावरही सर शेवटपर्यंत त्याला प्रश्न विचारत राहिले. त्यांचं म्हणणं तुला पटत नव्हतं, तरी त्यांच्याबद्दल बोलताना तुझा आवाज बदलायचा. पटत नाही ते त्यांनी सगळ्यांसमोर मांडलं. तू तर तुझं घरातसुद्धा...

नाही लिहीत. इथे दोन तास पेन बाजूला ठेवलं होतं. मोटार चालू करून आलो. या आठवड्यात वीज रात्रीची आहे. जाताना दिनू बरोबर असतो, बॅटरी असते, काळजी करू नकोस. आता हे लिहिलं तर पुढचंही लिहितो. मोत्याला मागच्या महिन्यात बिबट्यानं नेलं. तू विचारलंस तेव्हा मी तो मळ्यात आहे असं सांगितलं. तुझी बैठक जवळ आली होती.

आणि मोठी आई. ती शुक्रवारी गेली, तुझा पेपर रविवारी होता. तुला कळवायचं नाही हे मी ठरवलं. तुझी आई असं करू नका म्हणत होती, मामाही तेच म्हणत होता. मी कुणाचं ऐकलं नाही. तू आलीस तेव्हा सावडून झालं होतं. तू काही बोलली नाहीस. अंगणात तिच्या बाजेवर बसलीस आणि रात्रभर वर बघत होतीस. मी दारात उभा होतो. चौकटीतून बाहेर पाऊल टाकायचं मला जमलं नाही. पेपर चांगला गेला, पुढे सगळं झालं, म्हणून मी स्वतःला बरोबर समजत आलो. परवा दिनू बोलला तेव्हा कळलं की झाकून ठेवायचं तू कुणाकडून शिकलीस.

ते माझं चुकलं, तायडे. सहा वर्षं झाली, आज लिहितोय.

पुढे जमलं नाही आणि परत यावंसं वाटलं तर ये. राहावंसं वाटलं तर राहा, तीन महिन्यांचे तीस झाले तरी. पैशाचं मी बघतो, पतपेढीचं व्याज भरलंय. तू तिथे गेलीस याचा मला केवढा अभिमान आहे, ते चौकातल्या कुणालाही विचार. फक्त रात्री एकटी पायरीवर बसू नकोस.

बुधवारी तुझ्याकडचे संध्याकाळी पाच म्हणजे इथले साडेआठ. तेव्हा मी घरात आहे. कॅमेरा चालू ठेव, चेहरा कसाही असू दे.

तुझे
पप्पा

ता. क. दिनू याचे फोटो काढून पाठवेल, तो वाचणारच. तुझ्या आईला अजून बैठकीचं माहीत नाही. ते तू सांगायचंस, मी सांगणार नाही. कालवडीचं नावही तिलाच सांग.