डेस्कटॉप विकायचा नसेल, तर तसे सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेली २२ वर्षे मी पुस्तकांची अक्षरजुळणी आणि पानांची मांडणी करून पोट भरतो. माझे सगळे काम टेबलावरच्या संगणकावर, म्हणजे डेस्कटॉपवर चालते आणि सध्या त्या डेस्कटॉपनेच मला अडचणीत आणले आहे. संगणक ज्या कंपनीचा आहे तिचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण नाव दिले की चर्चा त्या कंपनीच्या बाजूची आणि विरुद्ध बाजूची अशी भरकटते आणि मूळ दुखणे बाजूला राहते.

काही महिन्यांपूर्वी एका गौरवग्रंथाची सूची लावत असताना संगणक अचानक बंद पडला. बटण दाबले की पंखा अर्धा फेरा घेई आणि थांबे. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कॅबिनेटचे झाकण काढले, एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, सोडवून नाकाशी नेला आणि म्हणाला, "काका, हा गेला. नवा टाकतो, अर्ध्या तासाचे काम आहे." पिशवीतून नवा एसएमपीएस काढून त्याने वायर मदरबोर्डपाशी, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात त्या मुख्य पाटीपाशी, नेली आणि तिथेच थांबला. त्याच्या हातातला प्लग २४ पिनांचा होता आणि माझ्या मदरबोर्डवर जेमतेम सहा पिनांचे खाच. स्क्रूची भोकेसुद्धा जुळेनात. "काका, यात बाजारातला माल चालणार नाही. कंपनीचाच लागेल."

आता या सुट्या भागाला सर्वमान्य माप नाही असे नाही. १९९५ साली इंटेलने एटीएक्स हे मानक जाहीर केले, त्यात मदरबोर्डचा आकार, स्क्रूच्या जागा, वीजपुरवठ्याचा प्लग हे सगळे ठरवून दिले आणि पुढे त्यात सुधारणाही होत गेल्या. ते मानक असताना कंपनीने स्वतःचा वेगळा प्लग बसवला. एक वेळ तेही मान्य करू, पण ज्याने कुलूप वेगळे बसवले त्याने किल्लीही जवळ ठेवायला हवी. कंपनीच्या मदतकेंद्राला फोन केला तेव्हा उत्तर मिळाले, "हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही." मग याच मालिकेतले नवे मॉडेल पाहावे म्हणून कंपनीचे संकेतस्थळ उघडले. मॉडेल होते. तोंडावळा तोच, क्रमांक पुढचा, आतला प्रोसेसर चार वर्षांपूर्वीचा आणि किंमत मात्र ते मॉडेल प्रथम बाजारात आले त्या दिवशीची. याहून अलीकडचे काही येणार आहे का, असे विचारल्यावर पलीकडच्या मुलीने अत्यंत नम्रपणे विचारले, "सर, तुम्ही लॅपटॉप का नाही घेत?"

हे पत्र त्या प्रश्नामुळे लिहीत आहे. कंपनीने डेस्कटॉप बंद केला असता तर मी चार दिवस हळहळलो असतो आणि दुसरी सोय पाहिली असती. पण तो बंदही करायचा नाही आणि नीट चालवायचाही नाही, यादीत ठेवायचा, विचारणा आली की विषय लॅपटॉपवर न्यायचा, अशी ही त्रिशंकू अवस्था आहे आणि तिचा सगळा भार ग्राहकाच्या डोक्यावर येतो.

हा प्रकार आडबाजूच्या कंपन्यांतच घडतो असेही नाही. अ‍ॅपलने २०१३च्या डिसेंबरात मॅक प्रो नावाचा काळा, नळकांड्याच्या आकाराचा संगणक विक्रीला आणला. मधोमध त्रिकोणी उष्णतावाहक, त्याच्या एका बाजूला प्रोसेसर, दोन बाजूंना दोन ग्राफिक्स कार्डे आणि वर एकच पंखा. दिसायला देखणा होता यात वाद नाही. पण तिन्ही बाजूंना सारखीच उष्णता निघेल हे त्या रचनेत गृहीत धरलेले होते. पुढे व्यवसायातल्या लोकांना दोन मध्यम कार्डांऐवजी एकच मोठे, जास्त तापणारे कार्ड हवे झाले, आणि ते त्या नळकांड्यात मावण्याजोगे नव्हते. परिणामी तीन वर्षांहून अधिक काळ त्या संगणकात काही बदल झाला नाही आणि किंमतही उतरली नाही. शेवटी २०१७च्या एप्रिलमध्ये अ‍ॅपलच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनी मोजक्या पत्रकारांना बोलावून कबूल केले, की उष्णतेच्या बाबतीत आम्ही आमच्याच रचनेत अडकलो, नव्याने आखणी करतो आहोत आणि ती या वर्षी येणार नाही. नवा मॅक प्रो प्रत्यक्षात यायला २०१९चा डिसेंबर उजाडला.

उशीर वाईटच. पण त्या एका कबुलीने ग्राहकांच्या हाती काहीतरी आले. ज्यांना थांबणे शक्य होते ते थांबले, ज्यांना नव्हते त्यांनी दुसरीकडे पाहिले. त्याआधीची तीन वर्षे मात्र लोक कंपनीच्या दर परिषदेनंतर 'आता येईल, मग येईल' करत बसले होते. त्याच कंपनीच्या मॅक मिनी या छोट्या डेस्कटॉपची कथा तर आणखी चमत्कारिक. २०१२ सालच्या मिनीत चार गाभ्यांचा, म्हणजे चार कामे एकाच वेळी उरकणारा, प्रोसेसर घेता येत होता आणि रॅम, म्हणजे चालू कामाची मेमरी, हाताने बदलता येत होती. २०१४ साली 'नवा' मिनी आला त्यात प्रोसेसर दोनच गाभ्यांचा आणि रॅम बोर्डावर कायमची डकवलेली. अनेक कामांत जुना मिनी नव्याहून वेगवान ठरला, आणि तो नवा मिनी तसाच्या तसा २०१८च्या ऑक्टोबरपर्यंत विकला गेला.

शिळा संगणक म्हणजे थोडा मंद संगणक, तेवढेच नुकसान, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटायचे. पण खरा घाटा वेगाचा नाही, आयुष्याचा आहे. सॉफ्टवेअरचे नवे संस्करण तुमच्या यंत्रावर चालणार की नाही हे ठरते ते आतला माल कोणत्या पिढीचा आहे यावर. तुम्ही पावती कोणत्या तारखेला फाडली याला तिथे किंमत नाही. वर सांगितलेला २०१३चा मॅक प्रो डिसेंबर २०१९पर्यंत कंपनीच्या यादीत होता, आणि त्यावर चालणारी मॅकओएस या कार्यप्रणालीची शेवटची आवृत्ती २०२१ साली आली. म्हणजे २०१३ साली घेणाऱ्याला आठ वर्षे नव्या आवृत्त्या मिळाल्या आणि २०१९ साली, जवळपास तितकेच पैसे मोजून, तोच संगणक घेणाऱ्याला दोन. २०१४चा मॅक मिनी २०१८मध्ये घेणाऱ्यांचीही तीच गत झाली.

विंडोजवाल्यांनी यावर हसू नये. विंडोज ११ ऑक्टोबर २०२१मध्ये आले आणि इंटेलच्या प्रोसेसरांपैकी थोडे अपवाद वगळता आठव्या पिढीपासून पुढचेच त्याला चालतील अशी अट पडली. आठवी पिढी २०१७ साली बाजारात आली होती, पण सातव्या पिढीचे डेस्कटॉप त्यानंतरही 'नवे' म्हणून खपत राहिले. असा संगणक ज्याने २०१९ साली नवाकोरा म्हणून घरी आणला, तो दोनच वर्षांत अधिकृत यादीबाहेर गेला, आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नेहमीचा आधारही संपला. यंत्र ठणठणीत, मालक धडधाकट, पण दोघांचीही मुदत संपलेली! औषधाच्या वेष्टनावर तयार केल्याची आणि मुदत संपण्याची तारीख छापतात. संगणकाच्या खोक्यावर मात्र प्रोसेसरच्या नावामागे आकड्यांची एक माळ असते आणि त्यातून साल ओळखणे हे ग्राहकाने आपल्या हुशारीवर सोडवायचे कोडे असते.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते, की डेस्कटॉपला मागणी उरलेली नाही. लॅपटॉप जास्त खपतात हे खरेच आहे आणि ते मी नाकारत नाही. पण चार वर्षे माल बदलायचा नाही, किंमत उतरवायची नाही, जाहिरात करायची नाही, आणि मग खप घटला म्हणून आणखी दुर्लक्ष करायचे, याला मागणी नसणे म्हणत नाहीत. ज्या झाडाला पाणी घालणे आपणच थांबवले ते वाळले म्हणून त्याच्यावर ठपका ठेवण्यासारखे हे आहे. जे ग्राहक एवढे होऊनही डेस्कटॉप मागतात ते हौसेपोटी मागत नाहीत. चारशे पानांच्या पुस्तकात तळटीपा एका पानावरून दुसऱ्या पानावर सरकल्या की सगळे पुस्तक पुन्हा ओळीत बसवावे लागते, आणि ते काम दिवसाचे दहा तास, मान सरळ ठेवून, मोठ्या पडद्यावर दोन पाने समोरासमोर पाहत करायचे असते. लॅपटॉपमध्ये पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणावा तर हात अधांतरी जातात आणि हात टेबलावर ठेवावेत तर मान वाकते. लॅपटॉपला मॉनिटर आणि कळफलक वेगळा जोडा, असा सल्ला मिळतो. जोडतो, पण मग तो डेस्कटॉपच झाला की, फक्त महाग आणि गरम.

गरम हा शब्द मी सहज वापरलेला नाही. डेस्कटॉपचे साधारण प्रोसेसर ६५ वॉटचे असतात, पातळ लॅपटॉपमधले १५ वॉटच्या आसपासचे. नावात इंटेलचा तोच 'आय-सात' असला तरी दोघांची दमछाक सारखी नसते. चार मिनिटांच्या कामात फरक कळत नाही, पण चाळीस मिनिटे चित्रांसह पीडीएफ बनवत ठेवली की पातळ यंत्र तापते आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. दोष त्याचा नाही, ते त्या कामासाठी घडवलेलेच नाही.

रॅम बोर्डावर डकवण्याच्या प्रथेबद्दल माझे मत सरसकट विरोधाचे नाही. प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवलेली मेमरी वेगाने बोलते आणि वीजही कमी खाते, यात तथ्य आहे, आणि नव्या प्रकारच्या काही यंत्रांना त्याचा खरा फायदा झाला आहे. पण जागेची ददात नसलेल्या मोठ्या खोक्यात साठवणीचा एसएसडीसुद्धा कायमचा डकवून टाकणे किंवा वीजपुरवठ्याचा प्लग जगावेगळा करणे, यामागे वेग नाही की वीजबचत नाही. १९८१ साली आयबीएमने आपला पहिला पीसी आणला तेव्हा त्यात जादा कार्डे बसवायला पाच स्लॉट होते आणि त्याच्या सर्किटच्या आकृत्या कंपनीने स्वतःच पुस्तकात छापून दिल्या होत्या. त्यामुळे इतरांनी कार्डे बनवली, सुटे भाग बनवले, पुढे नकलाही केल्या, आणि त्या गजबजाटातूनच डेस्कटॉपची बाजारपेठ उभी राहिली. आज त्याच बाजारपेठेत मिळवणाऱ्यांना झाकणाचा स्क्रूसुद्धा ग्राहकाच्या हाती लागू नये असे वाटते.

'असेंबल करून घ्या' हा सल्ला मला आतापर्यंत किमान दहा जणांनी दिला. ज्याला हौस आणि माहिती आहे त्याने तो जरूर मानावा. पण असेंबल केलेल्या यंत्रात काही बिघडले, की मदरबोर्डवाला रॅमकडे बोट दाखवतो आणि रॅमवाला मदरबोर्डकडे. जबाबदार असा एकच माणूस हवा म्हणूनच तर आम्ही कंपनीचा संगणक घेतो आणि त्यासाठी चार पैसे जास्त मोजतो. त्या जास्तीच्या पैशांत आज नेमके काय मिळते, हा माझा प्रश्न आहे.

माझी मागणी दरवर्षी नवे मॉडेल आणा अशी मुळीच नाही. उलट दर दोन वर्षांनी आतला प्रोसेसर बदलला आणि बाकी सगळे जसेच्या तसे ठेवले तरी माझ्यासारखे ग्राहक समाधानी राहतील. आम्हाला नवा रंग नको, पातळ कडा नकोत. जे मॉडेल विकता त्यातला माल कोणत्या सालचा आहे आणि त्याला सॉफ्टवेअरचा आधार किमान कधीपर्यंत मिळेल हे खोक्यावर ठळक छापा. माल जुना झाला की किंमत उतरवा. जे भाग झिजतात, म्हणजे पंखा, एसएमपीएस, डिस्क, ते मानक मापाचे ठेवा, आणि ते जमत नसेल तर विक्री थांबल्यानंतर काही ठरावीक वर्षे स्वतः पुरवा. मालिका बंद करायची असेल तर तीही एका वाक्यात जाहीर करा. आपल्या दैनिकालाही एक विनंती आहे. नव्या फोनांचे आणि लॅपटॉपचे परीक्षण आपण आवर्जून छापता, त्यात कधी तरी डेस्कटॉपलाही जागा द्यावी आणि परीक्षणात आतल्या प्रोसेसरचे साल लिहावे. आपल्या कार्यालयात रोजची पाने लावणारी मंडळी याला दुजोरा देतील असा माझा अंदाज आहे.

माझ्या संगणकाचे म्हणाल, तर त्या मुलाने दुसऱ्या दिवशी एक जोडवायर शोधून आणली, जिच्या एका टोकाला २४ पिना आणि दुसऱ्या टोकाला सहा. नवा एसएमपीएस कॅबिनेटमध्ये मावत नाही, म्हणून तो बाहेर टेबलावर एका जाड शब्दकोशावर ठेवला आहे आणि झाकण कायमचे उघडे आहे. गौरवग्रंथ वेळेवर छापायला गेला. कंपनीला मी दोन पत्रे लिहिली, त्यात एकच प्रश्न विचारला होता, की या मालिकेत पुढचा डेस्कटॉप येणार आहे की नाही. उत्तरादाखल लॅपटॉपचे माहितीपत्रक आले. प्रश्न अजून तसाच आहे आणि त्याचे उत्तर 'नाही' असले तरी मला चालेल.

आपला विश्वासू,
एक अक्षरजुळणीकार वाचक